ईसीएलसाठी प्रकाश-डिटेक्टर कसा निवडावा: कोटेशन मागवण्याआधी आणि डबा बंद करण्याआधी

ईसीएलचं, म्हणजे इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्सचं (इलेक्ट्रोडवर व्होल्टेज दिल्याने होणाऱ्या रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या उजेडाचं) काम नव्याने सुरू होतं तिथे क्रम हमखास उलटा होतो. आधी डिटेक्टरचं कोटेशन येतं, मग त्याच्या मापाचा डबा बनतो आणि शेवटी कोणीतरी विचारतं, "आपल्या इलेक्ट्रोडवरून उजेड येणार किती आणि कुठल्या रंगाचा?" तोवर ग्रँटचे पैसे संपलेले असतात. मग महागडा पीएमटी (मंद उजेड मोजणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब) लाल उजेडाला अर्धवट आंधळा निघतो, किंवा कॅमेऱ्यात नुसती करडी धूळ दिसते.

खालचे टप्पे याच क्रमाने करायचे. रसायन तुम्हाला माहीत आहे आणि पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देणारं यंत्र) चालवता येतो, असं गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: उजेडाचा रंग पक्का करा

रुथेनियम-बायपिरिडिल आणि ट्रायप्रोपिलअमाइन ही जोडी असेल तर उजेड नारिंगी-लाल, साधारण ६२० नॅनोमीटरला. ल्युमिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर निळा, ४२५ च्या आसपास. डिटेक्टरची अर्धी निवड इथेच होते, आणि नेमकं इथेच दुर्लक्ष होतं.

कॅटलॉगवर ठळक छापलेली क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे क्यूई (पडलेल्या फोटॉनांपैकी किती टक्के मोजले जातात तो आकडा), ही त्या डिटेक्टरच्या आवडत्या तरंगलांबीची असते, तुमच्या नव्हे. नेहमीचा बायअल्कली (ट्यूबमधल्या प्रकाश-संवेदी थराचा, म्हणजे कॅथोडचा एक प्रकार) पीएमटी ४०० नॅनोमीटरजवळ २५ ते ३० टक्के देतो, पण ६२० ला एक-दोन टक्क्यांवर येतो. मल्टिअल्कली कॅथोड ८५० पर्यंत पाहतो, ६२० ला पाच ते दहा टक्के देतो. गॅलियम आर्सेनाइड त्याहून बरा, पण त्याचा डार्क काउंट (पूर्ण अंधारातही होणारी मोजणी) इतका असतो की कूलिंगशिवाय त्याचा विचार करू नये. सिलिकॉनचं गणित वेगळं: चांगला फोटोडायोड किंवा मागून उजेड घेणारा सीसीडी (कॅमेऱ्याची चिप) ६२० ला ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातो. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एसआयपीएम, हा मात्र निळ्याकडे झुकलेला. त्याचं शिखर ४२० ते ४५० ला, आणि लाल भागात तो १५ ते २५ टक्क्यांवर येतो.

करायचं काम एवढंच: विक्रेत्याकडून क्यूईचा पूर्ण आलेख मागा आणि त्यावर आपला उत्सर्जन-वर्णपट काढा. रुथेनियमसाठी फ्लुओरिमीटरवरचा वर्णपट चालतो. क्वांटम डॉट किंवा नॅनोक्रिस्टल असतील तर त्याच्यावर विसंबू नका. त्यांचं ईसीएल पृष्ठभागावरच्या ऊर्जापातळ्यांमधून येत असेल तर ते बरंच लाल बाजूला सरकलेलं असतं.

सावधान: फ्लुओरेसन्सवरून ईसीएलकडे आलेले लोक सवयीने डिटेक्टरपुढे बँडपास (ठरावीक रंगच सोडणारा) फिल्टर लावतात. इथे एक्साइटेशनचा दिवाच नाही, मग अडवायचं काय? दोन रंग वेगळे मोजायचे नसतील तर फिल्टर काढा. फुकट मिळणारे फोटॉन फुकट घालवू नका.

## टप्पा २: फोटॉनचा हिशेब कागदावर मांडा

इलेक्ट्रोडवरून निघालेला उजेड सगळ्या दिशांना जातो. डिटेक्टरला त्यातला किती मिळतो हे अंतरावर ठरतं, आणि हा आकडा लोक कधीच काढत नाहीत. ८ मिलिमीटर व्यासाची खिडकी असलेला पीएमटी २० मिलिमीटरवर ठेवला तर बिंदूएवढ्या स्रोतातून निघालेल्या उजेडाचा साधारण १ टक्का त्याच्यात शिरतो. तोच ५ मिलिमीटरवर आणला तर ११ टक्के. म्हणजे सेलचा तळ पातळ करून आणि धारकाचा एक थर काढून सिग्नल अकरापट होतो. इतका फरक एका डिटेक्टरऐवजी दुसरा घेऊनही बहुतेक वेळा मिळत नाही.

भिंगाचंही तसंच. ०.१ न्यूमरिकल अपर्चरचं (भिंग किती रुंद कोनातून उजेड घेतं त्याचा आकडा) भिंग हवेत जेमतेम पाव टक्का उजेड गोळा करतं, ०.५ चं साडेसहा टक्क्यांच्या वर. आधी भूमिती सुधारा, मग डिटेक्टरकडे या.

आता आकडे घालून पाहू. डिटेक्टरवर सेकंदाला १,००० फोटॉन पडतात आणि आपण १० सेकंद मोजतो, असं धरा. नॉइज म्हणजे एकूण मोजणीचं वर्गमूळ, आणि गुणोत्तर म्हणजे सिग्नल भागिले नॉइज. ढोबळ हिशेबाला एवढं पुरतं. क्यूई आणि डार्क काउंटचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही आपल्या डेटाशीटवरचे घाला.

६२० नॅनोमीटरला बायअल्कली, क्यूई १ टक्का, डार्क सेकंदाला २०: सिग्नल १००, डार्क २००, गुणोत्तर साधारण ६. मल्टिअल्कली, क्यूई ८ टक्के, डार्क ३००: सिग्नल ८००, डार्क ३,०००, गुणोत्तर १३. डार्क पंधरापट असूनही मल्टिअल्कली जिंकला. ४२५ ला हाच सामना उलटतो. बायअल्कली २५ टक्क्यांनी ४८ वर जातो, मल्टिअल्कली २० टक्के क्यूई असूनही २८ वर अडकतो. "कमी डार्क काउंटचा घ्या" किंवा "लाल बघणारा घ्या" असा सरसकट सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे.

तोच हिशेब ३ बाय ३ मिलिमीटरच्या एसआयपीएमला लावा. खोलीच्या तापमानाला चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला ५०,००० डार्क धरले तर एकूण साडेचार लाख होतात. क्यूई २० टक्के धरूनही गुणोत्तर एकच्या खाली जातं, म्हणजे काहीच दिसत नाही. पण फोटॉन सेकंदाला १० लाख असतील तर हाच स्वस्त, चिमुकला डिटेक्टर पाचशेच्या वर गुणोत्तर देतो आणि पीएमटीचा खर्च वाचतो.

तपासणी: तुमच्या सगळ्यात कमी प्रमाणाच्या नमुन्यातून सेकंदाला किती फोटॉन येतील याचा निदान दहाच्या घातातला अंदाज वहीत लिहिला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. ओळखीच्या प्रयोगशाळेत एक दिवस जाऊन त्यांच्या पीएमटीवर आपला इलेक्ट्रोड लावून पाहा. पुण्यात पाषाण आणि गणेशखिंड पट्ट्यात उजेड मोजणारे लोक कमी नाहीत, विचारलं तर मदत मिळते.

## टप्पा ३: सेन्सिंगसाठी एकच आकडा हवा असेल तर

पीएमटी, एसआयपीएम की फोटोडायोड हे टप्पा २ मधल्या आकड्यावरून ठरवा.

फोटोडायोड अनेकांना मोह घालतो, कारण क्यूई ८० टक्के आणि किंमत किरकोळ. पण त्याला स्वतःचा गेन (सिग्नल आतच अनेकपट करणं) नाही. ६२० नॅनोमीटरचे १० लाख फोटॉन दर सेकंदाला आले तर प्रवाह मिळतो ०.१३ पिकोअँपिअर. एवढा प्रवाह मोजायचा तर अँप्लिफायरचा बायस करंट, बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स आणि जुलैतली दमट हवा यांतली प्रत्येक गोष्ट आडवी येते. फोटॉन सेकंदाला १०० कोटींच्या घरात असतील तर प्रवाह ०.१३ नॅनोअँपिअर होतो, आणि तिथे फोटोडायोड सरळ, टिकाऊ, उत्तम. तीव्र उजेडाची शिकवणीची प्रात्यक्षिकं त्याच्यावरच करावीत.

पीएमटी घेताना फोटॉन मोजणारा घ्यायचा की प्रवाह देणारा, हेही ठरवा. मंद उजेडाला मोजणारा बरा. पण त्याची वरची मर्यादा विसरली जाते. दोन पल्स (एकेका फोटॉनचे विजेचे ठोके) वेगळे ओळखायला २० नॅनोसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ५० लाख मोजणीला १० टक्के पल्स हुकलेले असतात. कॅलिब्रेशन-रेषा वरच्या टोकाला वाकते आणि दोष बिचाऱ्या रसायनावर जातो.

प्रवाह देणाऱ्या पीएमटीत व्होल्टेजला हात लावू नका. गेन व्होल्टेजच्या साधारण सातव्या घाताने बदलतो, म्हणजे १ टक्का व्होल्टेज हललं की सिग्नल ७ टक्के हलतो. "हा नमुना मंद आहे, जरा व्होल्टेज वाढवतो" असं मालिकेच्या मध्येच केलं की आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

सावधान: चुंबकीय मण्यांवर अँटिबॉडी बांधून ते इलेक्ट्रोडवर ओढणारी पद्धत वापरत असाल तर खालचा चुंबक पीएमटीमधल्या इलेक्ट्रॉनांची वाट वाकवतो. स्थिर एलईडी लावून चुंबकासह आणि चुंबकाविना मोजा. फरक दिसला तर म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूचं) कवच हवं, किंवा मोजताना चुंबक बाजूला सरकवण्याची सोय हवी. एसआयपीएमला हा त्रास नाही, आणि अशा रचनेत तेवढ्यासाठीसुद्धा त्याचा विचार करावा.

एसआयपीएमचं दुखणं तापमान. दर आठ-दहा अंशांना डार्क काउंट दुप्पट होतो. शिवाय ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो मोजायला लागतो) अंशामागे वीस ते पन्नास-साठ मिलिव्होल्टने सरकतं. त्याच्या वर दिलेलं जादा व्होल्टेज, म्हणजे ओव्हरव्होल्टेज, ३ व्होल्ट असेल आणि खोली सकाळच्या २४ वरून एप्रिलच्या दुपारी ३४ ला गेली, तर गेन सहा ते वीस टक्क्यांनी घसरू शकतो. एसी नसेल तर तापमान-भरपाई देणारा बायस मॉड्यूलच (व्होल्टेज पुरवणारा भाग) घ्या.

## टप्पा ४: चित्र हवं असेल तर

इमेजिंगमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जास्त पिक्सेलांचा हव्यास. उजेड तेवढाच आहे; तो जितक्या पिक्सेलांवर पसरेल, तितक्या वेळा रीड-नॉइजची (पिक्सेल वाचताना शिरणाऱ्या गोंगाटाची) किंमत मोजावी लागते.

एका ठिपक्यावरून कॅमेऱ्यापर्यंत एकूण २,००० फोटॉन आले असं धरा. एससीमॉस (कमी नॉइजचा वैज्ञानिक सीमॉस) कॅमेरा, क्यूई ८० टक्के, रीड-नॉइज १.५ इलेक्ट्रॉन. ठिपका ४०० पिक्सेलांवर मावला तर गुणोत्तर ३२. मॅग्निफिकेशन दहापट केलं आणि तोच ठिपका ४०,००० पिक्सेलांवर पसरला तर गुणोत्तर ५. कॅमेरा तोच, रसायन तेच.

यावर जुना कूल्ड सीसीडी वाटतो तितका मागासलेला नाही. त्याचा रीड-नॉइज ५ इलेक्ट्रॉन धरला आणि वाचनाआधीच दहा बाय दहा बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) केलं, तर त्याच पसरलेल्या ठिपक्याचं गुणोत्तर १५ येतं. सीमॉसमध्ये बिनिंग बहुधा वाचनानंतर होतं, नॉइज आधीच शिरलेला असतो, त्यामुळे तेवढा फायदा मिळत नाही. ईएमसीसीडी (वाचनाआधीच चिपवर इलेक्ट्रॉन अनेकपट करणारा सीसीडी) रीड-नॉइज जवळपास पुसून टाकतो, पण गुणाकाराच्या प्रक्रियेत स्वतःचा नॉइज भरतो. परिणामी क्यूई निम्मी झाल्यासारखं होतं. वरच्या उदाहरणात तो ठिपक्याच्या आकाराची पर्वा न करता ३० च्या आसपास राहतो. एकेक पेशी किंवा एकेक मणी बघायचा असेल तर ईएमसीसीडी. छापील इलेक्ट्रोडवरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्यांच्या रांगा बघायच्या असतील तर बिनिंगवाला सीसीडी किंवा कमी मॅग्निफिकेशनचा एससीमॉस, आणि पुढे एफ/१.४ चं साधं भिंग. माझं मत विचाराल तर बहुतेक बायोसेन्सर-गटांना ईएमसीसीडीची गरज नसते, त्यांना चांगल्या भिंगाची असते.

आता एक्स्पोजर. "मंद आहे ना, मग दहा मिनिटं उघडा ठेवू" हे इथे चालत नाही. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग खराब होतो, कोरिएक्टंट (ट्रायप्रोपिलअमाइनसारखा जोडीचा पदार्थ) संपतो, आणि व्होल्टेजचा पल्स दिल्यावर उजेड काही सेकंदांत ओसरतो. त्यानंतर कॅमेरा फक्त डार्क आणि वैश्विक किरणांचे पांढरे टिपके गोळा करत बसतो. आधी पीएमटीवर उजेडाचा काळानुसार आलेख घ्या आणि बहुतांश उजेड जेवढ्या वेळात येऊन जातो तेवढंच एक्स्पोजर ठेवा.

मोबाइलने होईल का? होतं. रुथेनियम आणि कागदी सेन्सरचं ईसीएल मोबाइल कॅमेऱ्याने मोजल्याचं काम २०११ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. अट एवढीच, की आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवा, रॉ फाइल घ्या, नाइट मोड बंद. जेपेगमध्ये फोन स्वतःच्या मनाने उजेड वरखाली करतो. शिवाय फोनच्या सेन्सरवरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर ६५० च्या पुढचा लाल भाग खातो, आणि रुथेनियमच्या उजेडाचा मोठा हिस्सा तिकडेच असतो.

तपासणी: इलेक्ट्रोडवर कडेला लख्ख कडं आणि मध्ये काळोख असं चित्र दिसलं तर लगेच "एन्झाइम कडेला साचलं" असा निष्कर्ष काढू नका. व्होल्टेज जास्त वर गेलं की पाण्यातून ऑक्सिजन सुटतो आणि बुडबुडा भिंगासारखा उजेड वाकवतो. लाइट लावून साध्या डोळ्यांनी इलेक्ट्रोड पाहा. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा चिकटलेला असेल तर कोडं सुटलं.

## टप्पा ५: डबा

डबा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, आतून मॅट काळा करा आणि अर्थिंग द्या. तोच उजेडही अडवतो आणि विजेचा गोंगाटही. कनेक्टर, काळा फोम, बीएनसी सॉकेट पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जातात. वायर भोकातून आत न घेता सॉकेटमधूनच न्या. भोकाला टेप लावून भागवलेला डबा आठवडाभरात गळायला लागतो.

काळं ते सगळं अपारदर्शक नसतं. काही काळे थ्रीडी-प्रिंट धारक जवळचा इन्फ्रारेड सोडतात, आणि मल्टिअल्कली पीएमटी किंवा सिलिकॉन तो बघतात. पांढरं प्लास्टिक ट्यूबलाइटखाली राहिलं की अंधारात काही वेळ मंद चमकत राहतं, म्हणून सेल-धारक पांढरा नको. पोटेन्शिओस्टॅट डब्यात ठेवणार असाल तर त्याचा हिरवा एलईडी झाका. बारीक दिसतो, पण पीएमटीला तो सूर्य आहे.

गळती शोधायची पद्धत: डिटेक्टर चालू, पीएमटी असेल तर व्होल्टेज कमी ठेवून. खोली अंधारी करून मोजा, मग दिवे लावून, मग टॉर्च प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवून. आकडा जिथे उसळतो तिथे गळती.

सावधान: हाय व्होल्टेज चालू असताना पीएमटीचं झाकण उघडायचं नाही, कधीच नाही. झाकणाला असा स्विच लावा की ते उघडताच व्होल्टेज तुटेल. व्होल्टेज बंद असतानाही ट्यूबला खोलीतला उजेड लागला तर डार्क काउंट बराच वेळ चढलेला राहतो. शक्य असेल तर ट्यूब आदल्या संध्याकाळी अंधारात बंद करून जा.

पावसाळ्यात पेल्टियरने (विजेवर चालणाऱ्या थंड चकतीने) थंड केलेला उघडा सेन्सर धोक्यात असतो. जुलैत पुण्याचा दवबिंदू विशीच्या आसपास असतो, त्यामुळे १० अंशांवर आणलेल्या एसआयपीएमवर दव धरतंच. त्याला सिलिका जेल घातलेली बंद डबी हवी. पीएमटीच्या सॉकेटवरची ओल गळतीचा प्रवाह वाढवते, तिथेही जेल ठेवा. यूपीएस हवाच. आणि गुरुवारी लांबलचक मालिका लावू नका. पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार तोच.

## टप्पा ६: पहिल्या दिवशीचा मोजणीचा क्रम

हा क्रम मोडू नका. एखादी पायरी चुकली तर नंतर उजेड कुठून आला ते सांगता येत नाही.

१. सेल रिकामी, डबा बंद, अर्धा तास स्थिरावू द्या. मग डार्क घ्या.
२. सेलमध्ये नुसता बफर, व्होल्टेज न देता.
३. तोच बफर, व्होल्टेज देऊन. इथे आकडा वाढला तर पोटेन्शिओस्टॅटमधून विजेचा गोंगाट येतोय किंवा इलेक्ट्रोड घाण आहे.
४. बफर आणि कोरिएक्टंट, रुथेनियमशिवाय. इथे थोडा उजेड येतो आणि तो यायचाच. तुमचा खरा ब्लँक हाच.
५. सगळ्यात कमी प्रमाणाचा नमुना. मग चढत्या क्रमाने. उलटं केलं तर जास्त प्रमाणाचं रुथेनियम इलेक्ट्रोडला चिकटून पुढचे सगळे नमुने फुगवतं.

डिटेक्शन लिमिट चौथ्या पायरीच्या विचलनावरून काढा, पहिल्या पायरीच्या नव्हे. डार्कवरून काढलेली लिमिट छान दिसते, पण ती डिटेक्टरची असते, सेन्सरची नाही. चौथ्या पायरीचा आकडा डार्कच्या कितीतरी वर असेल तर आणखी महाग, आणखी कमी डार्कचा डिटेक्टर घेऊन काहीही फरक पडणार नाही. तिथे इलेक्ट्रोड घासा, बफर बदला.

वेळेची सांगडही याच दिवशी घाला. पोटेन्शिओस्टॅटच्या ट्रिगरने डिटेक्टर सुरू व्हायला हवा, दोन माणसांनी "एक, दोन, तीन" म्हणून नव्हे. व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज ठरावीक वेगाने बदलत प्रवाह मोजणं) सेकंदाला १०० मिलिव्होल्टने चालली असेल आणि डिटेक्टर सेकंदातून एकदाच आकडा देत असेल, तर उजेडाचं शिखर कुठल्या व्होल्टेजला आलं हे शंभर मिलिव्होल्टच्या आत सांगता येणार नाही. मोजणी ५० मिलिसेकंदांवर किंवा त्याखाली ठेवा.

## टप्पा ७: रेषीयता, दोन एलईडींनी

डब्यात दोन मंद एलईडी लावा, स्थिर प्रवाहावर. फक्त पहिला लावून मोजा, फक्त दुसरा लावून मोजा, मग दोन्ही. प्रत्येक वेळी डार्क वजा करा. दोघांची बेरीज आणि दोन्ही मिळूनचा आकडा जुळायला हवा. उजेड वाढवत जा. बेरीज जिथे एखाद-दोन टक्क्यांपेक्षा जास्त चुकायला लागते ती तुमची वरची मर्यादा. पीएमटी, एसआयपीएम, कॅमेरा, मोबाइल, सगळ्यांना ही तपासणी लागू आहे, आणि कॅलिब्रेटेड दिवा लागत नाही. मोबाइलची जेपेग या परीक्षेत हमखास नापास होते, ते एकदा स्वतः पाहा.

## टप्पा ८: आता कोटेशन

जेम पोर्टल (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) असो की थेट तीन कोटेशन, मागणीत "उच्च संवेदनशील डिटेक्टर" असं लिहिलंत तर काहीही येईल. लिहायचं ते असं: अमुक नॅनोमीटरला किमान क्यूई, २५ अंशांना कमाल डार्क काउंट, खिडकीचा व्यास, पल्स-विभाजनाची वेळ, बाहेरून ट्रिगर घेण्याची सोय. कॅमेऱ्यासाठी रीड-नॉइज, कुठल्या तापमानाला डार्क करंट, वाचनाआधीचं बिनिंग, आणि रॉ फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते का. गेनचा आकडा मागू नका. गेन वाढला की सिग्नलबरोबर डार्कही वाढतो, आणि कॅटलॉगवाले तोच आकडा पुढे करतात.

डेमो मागाच. डेमोला विक्रेत्याचा चमचमता नमुना नको, तुमचा कोरिएक्टंट-ब्लँक आणि तुमचा सगळ्यात कमी प्रमाणाचा नमुना, तुमच्याच इलेक्ट्रोडवर. दोन्ही पाच-पाच वेळा मोजायला लावा. विक्रेता उपकरण आणू शकत नसेल तर नमुने त्याच्याकडे पाठवा आणि निकालाची रॉ फाइल मागवा, स्क्रीनशॉट नको.